पुराच्या काळात फोन नेमका कसा वापरायचा? अनुभव हवेत

कृष्णाकाठी

नमस्कार मंडळी,

सांगलीत आमचं एक साधं तरुण मंडळ आहे. एरवी गणपती, रक्तदान शिबिर, शाळेच्या पोरांना वह्या; आणि नदी चढायला लागली की पुराचं काम. यंदा पावसाळा तोंडावर यायच्या आत एक गोष्ट पक्की करायची आहे, म्हणून हा धागा काढतोय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. इथली धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात आमच्या फोनवर मेसेजचा नुसता मारा होता. ‘अमुक कॉलनी, दुसरा मजला, आजी-आजोबा अडकलेत, कृपया शेअर करा.’ पत्ता बरोबर, नंबर बरोबर, कळकळही खरी. तारीख आणि वेळ मात्र नाही. बोट तिथवर न्यावी तर शेजारचे वरून ओरडून सांगायचे, ‘त्यांना कालच काढलं की!’ इंधन गेलं, वेळ गेला, आणि तोवर दुसऱ्या कुणाच्या तरी गच्चीवर बायकापोरं पावसात बसून राहिली. माणसं नातेवाइकांकडे सुखरूप पोचल्यावरही तो मेसेज पुढे कितीतरी दिवस फिरत होता.

माझं म्हणणं असं, की मदतीची हाक पसरवायला आपण सगळे शिकलो, पण काम झालं की ती हाक थांबवायची असते हे कुणी अंगी लावून घेतलेलं नाही. लहान मंडळानं, संस्थेनं आणि लांब बसलेल्या माणसानं फोनवरून काय करावं, काय टाळावं? तुम्ही पाहिलेलं, केलेलं सविस्तर लिहा. आम्हाला ते खरंच वापरायचं आहे.

रंकाळा_चौपाटी

भावा, एकदम मनातलं बोललास. तारीख नसलेला मेसेज म्हणजे आमच्याकडं दरवर्षीचं दुखणं. राधानगरीचंच घे. त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येतं. कोल्हापुरात पंचगंगा किती चढणार याचा अंदाज लोक त्यावरनंच बांधतात. किती दरवाजे उघडे, हा आमच्यासाठी जीवनमरणाचा आकडा आहे. आणि दर जुलैत कुणीतरी मागल्या सालचा दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ टाकतो. खालच्या गावात रात्री दोनला जनावरं सोडायची धांदल उडते. मग पुढल्या खेपेला खरा मेसेज आला तर म्हातारी माणसं म्हणतात, ‘असलं लई बघितलं.’ नुकसान होतंय ते इथं.

वाचनवेडी

वाचतेय. फार गरजेचा विषय. गावाकडचे आणि शहरातले दोघेही लिहा प्लीज.

मीठभाकर

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. पुरात माणूस वाचतो तो शेजाऱ्यामुळे, पोहणाऱ्या पोरामुळे, गावात असलेल्या बोटीमुळे. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली आणि गावातली माणसं बुडाली. ती लोकं काय पोस्ट कमी पडली म्हणून गेली? बोटी कमी होत्या, बोटीत माणसं जास्त होती, सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हती. सोशल मीडियावर तासन्‌तास चर्चा करण्यापेक्षा प्रत्येक नदीकाठच्या गावात चांगली बोट, दोर, जॅकेट आणि चार शिकलेली पोरं उभी करा. माझा सगळा जोर त्यावर असेल.

कृष्णाकाठी

मीठभाकर दादा, बोटीबद्दल शंभर टक्के मान्य. आमच्या मंडळाची पहिली खरेदी जॅकेटचीच होती. पण आहे ती बोट कुठे न्यायची हे आता फोनवरच ठरतं. थोड्या बोटी असतील तर चुकीच्या फेरीची किंमत जास्तच.

अबोली_कोची

मी लग्नानंतर कोचीला आले, २०१८ चा महापूर इथेच काढला. केरळात १९२४ नंतर एवढं पाणी आलं नव्हतं. तेव्हा इथे ‘केरळ रेस्क्यू’ नावाचं संकेतस्थळ उभं राहिलं. तंत्रज्ञ स्वयंसेवकांनी बांधलं आणि राज्य सरकारच्या आयटी मिशननं ते आपलं मानलं. मला त्यातली ही दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. लोकांची हाक आणि कलेक्टर ऑफिसातली कंट्रोल रूम एकाच यादीकडे बघत होत्या. नाहीतर मंडळाची यादी वेगळी, पोलिसांची वेगळी, चॅनेलची तिसरीच.

आम्ही बायका घरून फोन करायचं काम करत होतो. यादीतला नंबर लावायचा, विचारायचं: किती माणसं, आजारी कोण, पाणी कुठवर, बाहेर पडलात का. एकाच घरासाठी सहा नोंदी असायच्या, कारण एक मुलगा बहरीनला, एक बंगळुरूला, सून कोट्टयमला, आणि प्रत्येकानं काळजीनं वेगवेगळी नोंद केलेली. त्या सहाची एक करणं, सुटका झाली की तशी खूण करणं, एवढंच काम. दिसायला बिनमहत्त्वाचं, पण कोळी बांधव आपल्या बोटी ट्रकवर घालून आले तेव्हा त्यांना नेमकं कुठे पाठवायचं हे त्यावरूनच सांगता आलं.

अफवाही होत्याच. मुल्लपेरियार धरण फुटल्याच्या ऑडिओ क्लिप फिरल्या, पोलिसांना खुलासा करावा लागला. माझ्या शेजारच्या चेच्ची (मल्याळीत ताई) रात्रभर सामान बांधून बसल्या होत्या.

रानजाई

अबोलीताई, ‘सहाची एक करणं’ हे वाक्य आमच्या महिला मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवते. 🙏

जुना_गिरगावकर

थोडं मागे जातो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, फेसबुक अमेरिकेतल्या कॉलेजांपुरतं होतं. तेव्हा काही ब्लॉगरांनी एकत्र येऊन सामाईक ब्लॉग काढला, त्यात मुंबईची मंडळीही होती. कुठे काय हवं, कुणाकडे द्यावं, कोण बेपत्ता, अशी माहिती जगभरची माणसं आळीपाळीनं टाकत होती. पुढे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्याच धर्तीवर ‘मुंबई हेल्प’ चालवला गेला. त्या ब्लॉगांत एक गोष्ट आपसूक होती: प्रत्येक नोंदीवर तारीख आणि वेळ छापून यायची, आणि नवी नोंद वर, जुनी खाली. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर कॉपी करून पुढे पाठवला की तो नवाच दिसतो. धागाकर्त्याचं दुखणं इथून सुरू झालं असं मला वाटतं.

अवांतर: त्या रात्री आम्ही दादरहून अंधेरीला चालत गेलो. अनोळखी घरांतून चहा-बिस्किटं मिळाली. कुणी कुणाला फॉरवर्ड केलं नव्हतं.

वाशिष्ठी

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१. पहाटे पाणी बाजारपेठेत शिरलं आणि बघता बघता पहिल्या मजल्याला लागलं. वीज गेली, थोड्या वेळानं मोबाइलचे टॉवरही गेले. सगळे म्हणतात सोशल मीडिया वापरा, पण ज्याला खरी गरज होती त्याच्या हातात तेव्हा मेलेला फोन होता. आमच्याबद्दल जे काही नेटवर चाललं होतं ते सगळं मुंबई-पुण्यातली भावंडं करत होती. माझ्या चुलतभावानं घराचा पत्ता टाकला, खाली खुणेची जागा लिहिली, आई हृदयरुग्ण आहे हे लिहिलं. आम्हाला त्याचा पत्ताच नाही! समोरच्या इमारतीतल्या मुलांनी दोर टाकून आईला त्यांच्या गच्चीवर घेतलं, आणि त्यानंतर एक पूर्ण दिवस भाऊ तिकडे जिवाच्या आकांतानं पोस्ट करत राहिला.

म्हणून माझी सूचना: पूर यायच्या आधी, नेटवर्क असतानाच, प्रत्येक घरानं बाहेरगावचा एकच माणूस ठरवावा. आपण सुखरूप असल्याचा निरोप कसाही करून त्या एकालाच द्यायचा. बाकी सगळ्या नातेवाइकांनी त्यालाच विचारायचं आणि घराबद्दल बाहेर लिहायचं तर त्यानंच. आणि नेट गेलं तरी साधा एसएमएस कधीकधी सुटतो, तो करून बघावा.

तळीयेचंही आठवा. त्याच दिवशी महाड तालुक्यात दरड कोसळून अख्खी वाडी गाडली गेली. रस्ते बंद, संपर्क नाही. यंत्रणा पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. ज्या गावाची पोस्ट येत नाही, तिथे सगळं ठीक आहे असं कुणी धरू नये. ‘कुठून काहीच कळत नाही’ अशा गावांची यादी आधी करा.

मीठभाकर

वाशिष्ठीताई, शेवटचं वाक्य अगदी खरं. या एका मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूनं. गप्प गावांची यादी हवीच.

बिनतारी

हौशी रेडिओवाला आहे, परवानाधारक. नेटवर्क पडल्यावर आमची हॅम मंडळी निरोप पोचवतात, भूज, त्सुनामी, केरळ सगळीकडे केलंय. सांगली-कोल्हापूर भागातल्या मंडळांनी आपल्या जवळचा हॅम ऑपरेटर आत्ताच शोधून ठेवावा. पाणी आल्यावर शोधू नये.

रंकाळा_चौपाटी

आता सामानाचं बोलतो, कारण तिथंही हेच होतं. २०१९ ला शिरोलीजवळ पाणी आल्यानं पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद. रस्ता उघडला आणि मदतीचे ट्रक लोटले. ट्रकवाल्याला गाव माहीत नसतं. तो महामार्गालगतच्या पहिल्या गावात थांबतो, तिथं फोटो होतात, ते फोटो बघून पुढचे ट्रक त्याच गावाला. आत शिरोळ तालुक्यात, नदीच्या वळणातल्या गावांत, माणसं वाट बघत बसलेली. एका गावात बिस्किटाच्या पुड्यांचा ढीग, आणि दुसऱ्यात लहान लेकराला दूध नाही.

आणि जुने कपडे! आमच्या एका शाळेतल्या छावणीत वर्ग भरून कपडे पडलेले. लग्नातला कोट, फाटका स्वेटर, एकाच पायाची चप्पल, जरीचा घागरा. त्या ढिगाजवळ एक मावशी दोन दिवसांच्या ओल्या साडीनं उभी होती. तिला पाहिजे होतं एक नवं परकर-पोलकं आणि सॅनिटरी पॅड. बाप्यांना सांगायला लाजत होती. आमच्या वैनीनं बाजूला घेऊन विचारलं तेव्हा कळलं. पोस्टमध्ये कुणी हे लिहिलंच नव्हतं, कारण पोस्ट लिहिणारे सगळे आम्ही पोरं होतो.

रानजाई

छावणीतली यादी करायला एक तरी बाई हवीच. ‘गूंज’ संस्था इतकी वर्षं कपड्यांचं आणि पाळीच्या कापडाचं काम करते, ते हेच सांगतात: वापरण्याजोगं, धुतलेलं, वर्गवारी केलेलं द्या. आपल्या घरातली अडगळ म्हणजे मदत नव्हे.

फळा_आणि_खडू

प्राथमिक शिक्षिका आहे, मिरज तालुक्यात. आमच्या शाळेत छावणी होती. आम्ही काय केलं ते लिहिते, कदाचित उपयोगी पडेल.

व्हरांड्यात एक फळा ठेवला. त्यावर रोज सकाळी सातवीच्या मुली मोठ्या अक्षरात लिहायच्या: वर वार, तारीख, वेळ. खाली छावणीत माणसं किती, त्यात लहान बाळं किती, जनावरं किती. मग ‘हवं’ आणि त्याशेजारी ‘पुरे झालं, आता नको’. फळ्याचा फोटो काढून तोच सगळ्या ग्रुपवर टाकायचा. दुसरा कुठलाही मजकूर लिहायचा नाही. दुपारी परत पुसून परत लिहायचा, परत फोटो. फोटो कितीही वेळा पुढे गेला तरी तारीख त्याच्या पोटातच. कुणाचा फोन आला की आमचं पहिलं विचारणं, ‘तुमच्याकडचा फळा कुठल्या वेळचा आहे?’

‘आता नको’ या रकान्यानं सगळ्यात जास्त काम केलं. पुण्याहून चपात्या घेऊन निघायच्या बेतात असलेल्या मंडळींनी फळा बघून बेत बदलला, आणि चपात्यांऐवजी फिनेल, झाडू, खराटे, ब्लिचिंग पावडर आणली. पाणी ओसरल्यावर घराघरात चिखल होता, त्यामुळे नेमक्या वेळेला ते सामान आलं. पूर चालू असताना सगळ्यांना आठवण असते. खराट्याची गरज पडते तेव्हा लोकांचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं.

अजून एक: फळ्याच्या फोटोत माणूस दिसू द्यायचा नाही, हे मुलींनीच ठरवलं. त्यांच्याच वर्गातल्या एका मुलीचा रांगेत ताट धरलेला फोटो कुणीतरी टाकला होता आणि ती खूप रडली होती.

कृष्णाकाठी

बाई, दंडवत तुम्हाला आणि तुमच्या सातवीच्या वर्गाला. हे आम्ही जसंच्या तसं उचलणार.

पेठकर_पुणे

फळ्याची कल्पना नादखुळा आहे (कोल्हापूरकरांकडून शब्द उसना). फोटोच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. मदत देताना देणारा आणि घेणारा दोघं पाकीट धरून कॅमेऱ्याकडे बघतायत, हे चित्र बंद झालं पाहिजे. देणगीदाराला पुरावा हवा असतो हे समजतं. पावती द्या, सामानाचा फोटो द्या, गावच्या सरपंचाची पोच द्या. लेकरांचे चेहरे कशाला?

नंबरांचंही तसंच. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजन, बेड, रेमडेसिविरसाठी लोकांनी आपले नंबर जगजाहीर केले. त्याशिवाय इलाजच नव्हता, आणि अशी हाक देणाऱ्यांवर कारवाई करू नका असं सर्वोच्च न्यायालयानंही तेव्हा बजावलं. पण कितीतरी बायकांना नंतर घाणेरडे फोन आले. गरज भागली की नंबर काढून टाका, शक्य असेल तर हाकेवर मंडळाचाच एक नंबर द्या.

सिएटलचा_सातारकर

परदेशातून बघणाऱ्यांच्या बाजूनं लिहितो. इथे रात्री झोप लागत नाही, हात शिवशिवतात, आणि हाताशी फक्त फोन आणि क्रेडिट कार्ड. २०१० च्या हैती भूकंपात अमेरिकन रेड क्रॉसनं एसएमएसवरून दहा-दहा डॉलर गोळा केले, ३ कोटी डॉलरच्या वर जमले. लोकांना द्यायचं असतंच, सोपी वाट हवी असते. पण गावाकडच्या मंडळाचा यूपीआय क्यूआर आला की आम्ही अडखळतो. तो खरा आहे का? आणि इथला पासपोर्ट असलेल्यानं पैसे पाठवले तर चालतात का? कुणी जाणकार सांगेल का?

हिशेबनीस

संस्थांचे हिशेब तपासतो, म्हणून थोडक्यात. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेच्या नेहमीच्या मार्गानं पाठवत असाल, तर ते विदेशी देणगीत मोडत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही, तर घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतच घ्यावी लागते आणि एका संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेनं घेऊन गावच्या मंडळाला द्यायचे, ही वाट बंद. तरुण मंडळांनी परदेशी नागरिकांकडून पैसे घेऊच नयेत; त्यांना नोंदणी असलेल्या संस्थेचं नाव सुचवावं.

इथल्या देणगीदारांसाठी: देणगीवरची आयकर सवलत (८०जी) २००० रुपयांवरच्या रोख रकमेला मिळत नाही, वस्तूरूप देणगीला तर अजिबात नाही.

क्यूआरबद्दल: खोटे क्यूआर प्रत्येक आपत्तीत निघतात. खऱ्या पोस्टरवर दुसराच कोड चिकटवून फिरवतात. पैसे पाठवण्याआधी समोर दिसणारं खातेदाराचं नाव संस्थेच्या नावाशी जुळतं का, एवढं तरी बघाच. आणि मंडळांनो, खासगी खात्यात गोळा करू नका. मंडळाचं खातं वापरा, आणि जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, हे ज्या ग्रुपवर आवाहन केलं त्याच ग्रुपवर टाका. आवाहन दहा वेळा येतं, हिशेब एकदाही येत नाही, याचा मला मनापासून त्रास होतो. पुढच्या वेळी लोक हात आखडतात ते यामुळेच.

सिएटलचा_सातारकर

फार आभारी आहे साहेब. आमच्या महाराष्ट्र मंडळात हे जसंच्या तसं वाचून दाखवतो.

निवृत्त_तलाठी

सगळे प्रतिसाद वाचले. सरकारी बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, राज्याचा १०७०, आणि ११२ आहेच. पोस्ट टाकायच्या आधी इथे फोन करावा. लागत नाही, एंगेज येतो, ही तक्रार खरी आहे, पण लागला तर नोंद होते आणि नोंदीला उत्तर द्यावं लागतं.

मंडळांना कळकळीची विनंती. तहसील कार्यालयातला एक माणूस आणि तुमच्यातला एक माणूस, यांची ओळख मे महिन्यातच करून घ्या. पुरात तलाठ्याकडे दीडशे फोन येतात. त्यात ओळखीच्या आवाजानं ‘साहेब, स्वतः बघून बोलतोय’ म्हटलं की निम्मं काम होतं. गावाचं नाव लिहिताना तालुकाही लिहा, एका नावाची तीन-तीन गावं असतात.

गोठ्यातून

जनावरांचं कुणी बोललं नाही. लोक घर सोडत नाहीत ते म्हशीसाठी. ‘चला’ म्हणणारी बोट येते, पण म्हैस कुठे न्यायची ते कुणी सांगत नाही. चारा कुठे आहे, जनावरांची छावणी कुठे आहे, डॉक्टर कोण, हा मेसेज पहिल्या दिवशी फिरला तर माणसं आपणहून लवकर बाहेर पडतील.

मीठभाकर

याच्याइतकं शहाणपणाचं या धाग्यात दुसरं काही नाही. +१००.

कृष्णाकाठी

मंडळी, तुमचं सगळं वाचून काल रात्री आम्ही बसलो. आमच्या पुरतं ठरलं ते असं.

हाक आली की दोघं जण फोन लावून खात्री करणार, नंबर लागला नाही तर ‘खात्री झालेली नाही’ असं स्पष्ट लिहून मगच पुढे. मजकूर नेहमी एकाच साच्यात: ‘१० जून, सकाळी ७.४०. गाव, तालुका, खुणेची जागा. माणसं ४, त्यात १ आजी अंथरुणाला खिळलेली. म्हशी २. पाणी कंबरेएवढं. खात्री: स्वतः बोललो. हा मेसेज दुपारी १२ नंतर पुढे पाठवू नये.’ सुटका झाली की त्याच मेसेजला उत्तर देऊन ‘काम झालं’ लिहायचं, आणि जिथे जिथे टाकला तिथे सगळीकडे. हे करायची जबाबदारी हाक टाकणाऱ्याची.

छावणीत फळा. यादी करायला माझी बहीण आणि तिच्या दोन मैत्रिणी. गप्प गावांची वेगळी यादी, दर तीन तासांनी तिथे फोन. १०७७ ला नोंद केल्याशिवाय पोस्ट नाही. हिशेब दर रविवारी.

एकच अडचण राहिली. रात्री फोनवर बसायला माणसं कमी आहेत, कारण दिवसभर बोटीवर असलेली पोरं रात्री जागू शकत नाहीत.

सिएटलचा_सातारकर

तुमची रात्र म्हणजे आमचा दिवस. फोन लावणं, सहाची एक करणं, ‘काम झालं’ची खूण करणं, हे आम्ही इथून करू. सहा-सात जण तरी नक्की मिळतील. फक्त साचा पाठवा आणि गावांची नावं आधी शिकवा, उच्चार चुकायला नकोत.

वाशिष्ठी

चिपळूणच्या बाजूनं मी आहे. साच्यात एक ओळ वाढवा: रोजची औषधं कोणती. आईची गोळी दोन दिवस चुकली होती. इन्सुलिनवाले असतील तर बर्फाची सोय कुठे आहे तेही लिहा.

कृष्णाकाठी

वाढवली, ताई. साचा उद्या इथेच टाकतो. सातारकर, तुम्ही रविवारी तुमच्या वेळेनं सकाळी मोकळे असाल तर व्हिडिओ कॉलवर गावांची नावं घेऊ. सुरुवात शिरोळ तालुक्यापासून करू.